चुलतसासरे गेले : तात्या, ८३ नंबर आणि एक वही

पऱ्हाटी

मागच्या महिन्यात आमचे तात्या गेले. माझे चुलतसासरे, सासऱ्यांचे धाकटे भाऊ. वय ८७. नायगावच्या घरी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. येणारा प्रत्येक जण म्हणतो, भाग्याचं मरण. असेल. मला अजून खुंटीवर लटकलेली त्यांची कापडी पिशवीच दिसते.

इथे ह्या फोरमवर लिहितेय कारण घरात कुणापाशी बोलावं ते कळत नाही. भेटायला येणारे नवऱ्याचा हात हातात घेतात. सासूबाईंना म्हणतात, दीर नव्हता, मुलगाच होता तुमचा. ते खरंच आहे. मी चहा घेऊन बाहेर येते तेव्हा मला म्हणतात, "तुमची फार धावपळ झाली असेल." ऑफिसात रजेचा अर्ज भरायला बसले तर दुःखद प्रसंगाच्या रजेसाठी आई-वडील, सासू-सासरे, नवरा, मुलं, भावंडं एवढीच नाती. चुलतसासरे त्यात बसत नाहीत. साधी रजा टाकली. रजा गेल्याचं काही नाही, पण त्या रकान्यापाशी माझा हात बराच वेळ थांबला होता.

तात्या बेस्टमध्ये, म्हणजे मुंबईच्या बससेवेत, कंडक्टर होते. १९६१ साली लागले ते ट्रामवर, मग बसवर, आणि १९९६ ला निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का नाही, हे मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. बीडीडी चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची, माणसं सहा. तात्या आयुष्यभर बाहेरच्या पॅसेजमध्ये झोपले. पहाटेची ड्यूटी असायची, कुणाची झोपमोड नको म्हणून आधी बाहेर झोपायला लागले, मग ती जागाच त्यांची झाली. निवृत्तीनंतरही आत आले नाहीत.

मी अकोल्याची. २००१ साली लग्न होऊन मुंबईत आले. घरातली मालवणी मला कळायची नाही आणि माझं वऱ्हाडी ऐकून पोरं हसायची. २००२ मध्ये सांताक्रूझला नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात दादरला लोकलमध्ये चढताना एक चप्पल पायातून निसटून रुळांत गेली. मी गाडी सोडून दिली आणि एका पायात चप्पल घालून घरी परत आले. दारात तात्या बसले होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "काय गो, उद्या माझ्याबरोबर येतंस? तुका गाडी दाखवतंय."

बेस्टच्या माणसाच्या तोंडी गाडी म्हणजे बस, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढचे चार रविवार आम्ही दोघं नुसते बसने फिरलो. पहिल्या दिवशी दादर टीटीला उभं करून विचारलं, टीटी म्हणजे काय? मला वाटलं एखाद्या माणसाच्या नावाची अक्षरं असतील. म्हणाले, ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन इतकी वर्षं झाली तरी नाव उतरलं नाही. तिथून बोरीबंदरपर्यंत थांबे मला पाठ करायला लावले, शाळेत पाढे पाठ करतात तसे : चित्रा, हिंदमाता, परळ, भारतमाता, लालबाग, चिंचपोकळी, राणीबाग, भायखळा, जेजे, भेंडीबाजार, क्रॉफर्ड मार्केट. प्रत्येक थांब्यावर एक तरी गोष्ट. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली तेव्हा त्यांची ड्यूटी नव्हती, तरी ते रस्त्याच्या कडेला उभे होते. ते सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा. घरात त्यांना असं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. नवरा म्हणाला, काका तुझ्याशी एवढं बोलतात?

मला ही मुंबई तात्यांनी दिली. नकाशावरची नव्हे, थांब्यांची. आजही अनोळखी भागात गेले की आधी थांब्यावरची पाटी वाचते. बसच्या कपाळावरचा मराठी आकडा लांबून वाचायची सवयही त्यांचीच.

आता सुतकाचं. माझे वडील २०१४ ला गेले. लग्न झालेली मुलगी म्हणून मला तीन दिवसांचं सुतक सांगितलं. चौथ्या दिवशी सासरी देवापुढे दिवा लावायला बसले तर काडी पेटेना, हात थरथरत होता. तात्यांचं मात्र पूर्ण दहा दिवसांचं, कारण गोत्र सासरचं. वडिलांच्या वेळी हा हिशेब मला फार लागला होता, अजूनही लागतो. पण ह्या वेळी त्या दहा दिवसांत कुणीतरी मला बसू दिलं, एवढं मात्र खरं. हे दोन्ही एकदम मनात येतं आणि कुणाला सांगता येत नाही.

तेराव्यानंतर त्यांची पेटी उघडली. एक खाकी शर्ट, इस्त्री करून घडी घातलेला. नाण्यांचा डबा. आणि एक लांबट वही, आकड्यांनी भरलेली. नाण्यांचं मला माहीत होतं. त्यांना तिकीट काढावं लागो न लागो, खिशात सुटे असायचेच. बसमध्ये कुणी शंभराची नोट काढली की कंडक्टर वैतागायच्या आत हे सुटे पुढे करायचे. मे २०२५ मध्ये साध्या बसचं कमीत कमी भाडं पाचाचं दहा झालं, तेव्हा त्यांनी डब्यातली पाचाची नाणी बदलून दहाची आणायला माझ्या मुलीला वाण्याकडे पाठवलं होतं.

वही मात्र मला वाचता येत नाही. इथे कुणी बेस्टमधलं आहे का?

आणि ज्यांचं असं सासरकडचं, आडनात्यातलं माणूस गेलंय, त्यांनी त्याच्याबद्दल लिहा. मला वाचायचंय.

सोनटक्का

तुमच्या तात्यांना नमस्कार. चपलेचं वाचलं आणि माझ्या आतेसासूबाई आठवल्या. नवऱ्याची आत्या, बालविधवा, माहेरीच राहिलेल्या. गिरगावात आमच्याकडे मासे व्हायचे. मला काटे काढता यायचे नाहीत. मी जेवायला बसले की त्या शेजारी बसून बोलत बोलत माझ्या ताटातले काटे काढून ठेवायच्या. स्वतः मासे खात नव्हत्या. विधवेने खायचे नाहीत म्हणून वयाच्या सोळाव्या वर्षी बंद केलेले, पुढे सगळे म्हणाले तरी सुरू केले नाहीत. पण बोटांना प्रत्येक माशाचा काटा पाठ. हे मला त्या गेल्यावर लक्षात आलं, जिवंतपणी कधी थांबून पाहिलंच नाही.

रात्रपाळी

मी जावई आहे, म्हणून ह्या धाग्यावर लिहावं की नाही असं वाटत होतं. पण पऱ्हाटी, तुम्ही विचारलंत.

बायकोची मावशी, माझ्या मावससासूबाई, केईएममध्ये परिचारिका होत्या. सगळी नोकरी परळलाच गेली. अविवाहित. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी बायकोची तब्येत बिघडली तेव्हा त्या अकरा रात्री दवाखान्यात खुर्चीवर बसून होत्या, दिवसा आपली ड्यूटी करून. माझी आई गावी आजारी होती, सासूबाई आधीच गेलेल्या. मला त्या वेळी बाप होण्याची भीती वाटत होती आणि ती फक्त त्यांना कळली होती. एकदा पहाटे व्हरांड्यात म्हणाल्या, "जावईबापू, घाबरलेला माणूस बाळाला नीट धरतो. बेफिकीर माणसाचं मला भय वाटतं."

त्यांनी देहदानाचा अर्ज आधीच भरून ठेवला होता. गेल्या तेव्हा सहा तासांच्या आत नेत्रदान झालं आणि मग देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेला. अग्नी नाही, अस्थी नाहीत, दहावा नाही. मला ते पटलेलं होतं, आजही पटतं. पण आमच्याकडे जावयाने खांदा द्यायचा नाही असं म्हणतात. मी ठरवलं होतं की कुणी काही म्हणो, मी देणार. आणि खांदा द्यायची वेळच आली नाही. गाडी आली, दोन माणसांनी स्ट्रेचर उचलला, मी दार धरून उभा राहिलो. ते दार मी अजून धरून आहे असं कधी कधी वाटतं.

टीटी ते म्युझियम

पऱ्हाटीताई, बेस्टमध्ये ३१ वर्षं काढली आहेत मी. आधी कंडक्टर, शेवटची काही वर्षं स्टार्टर, म्हणजे थांब्यावरून गाड्या वेळेवर सोडणारा. तुमच्या तात्यांना मी ओळखत असेन किंवा नसेन, नाव सांगू नका, इथे नको. पण १९६१ ला लागलेला माणूस म्हणजे आमचा गुरुजी. ट्राम, ट्रॉलीबस आणि बस, तिन्ही पाहिलेली पिढी. ट्रॉलीबस १९६२ ला गोवालिया टँक ते माझगाव डॉक सुरू झाली आणि १९७१ ला बंद पडली. नव्या पोरांना आम्ही सांगायचो तर त्यांना खरं वाटायचं नाही की मुंबईत तारेवर चालणारी बस होती.

सुट्या पैशांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाहेरच्या माणसाला कळणार नाही, कंडक्टरचा अर्धा दिवस सुट्यात जातो. सुटे नसले की आम्ही तिकिटाच्या मागे राहिलेली रक्कम लिहून द्यायचो आणि उतरताना द्यायचो. एखादा प्रवासी विसरून उतरला तर ते आठ आणे रात्रभर डोक्यात राहायचे. चोरी नव्हती ती, तरी राहायचे. ज्या माणसाने निवृत्तीनंतरही दुसऱ्या कंडक्टरसाठी खिशात सुटे ठेवले, त्याने ती नोकरी कशी केली असेल ते मला वेगळं सांगायला नको.

वहीतलं एखादं पान इथे उतरवून टाका. बघतो.

खारी बिस्कीट

मी चोविशीची आहे, मला फक्त हातातलं तिकिटाचं मशीन आणि मोबाइलवरचं तिकीट माहीत आहे. पूर्वी कंडक्टर तिकिटाला भोक पाडायचे म्हणतात, ते नक्की कशासाठी?

आणि पऱ्हाटीताई, माझी आजी (आईची काकू, पण आम्ही आजीच म्हणायचो) गेली तेव्हा मी परीक्षेला बसले होते. मला चार दिवसांनी सांगितलं. सख्खी असती तर सांगितलं असतं का, हा प्रश्न मी अजून आईला विचारलेला नाही.

टीटी ते म्युझियम

खारी बिस्कीट, तिकिटावर टप्प्यांचे आकडे छापलेले असायचे. प्रवासी जिथे चढला किंवा जिथवरचं तिकीट आहे त्या टप्प्याला भोक, म्हणजे तपासनीस चढला की एका नजरेत कळतं. डाव्या हातात तिकिटांची पेटी, प्रत्येक भाड्याचा रंग वेगळा, उजव्या हातात पंच. मोकळा असला तरी कंडक्टर पेटीवर पंच वाजवत यायचा, टिक टिक टिक. तो आवाज आला की लोक खिशात हात घालायचे, तोंडाने तिकीट म्हणायची गरज नसायची. दोरीची घंटा एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. डबलडेकरला वरती एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर.

आईला विचारा. बहुधा तिलाही सांगायचं असेल.

काळा घोडा

थांब्यांच्या नावांचं वाचून राहवलं नाही. माझे मामेसासरे फोर्टात एका पेढीत कारकून होते. त्यांच्या तोंडी काळा घोडा म्हणजे पुतळाच. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ ला तिथून हलवून राणीबागेत नेला, जागेचं नाव मात्र तेच राहिलं. २०१७ ला तिथे नवा घोडा आला, पाठीवर स्वार नसलेला. मामांना व्हीलचेअरवरून दाखवायला नेलं. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा बरा आहे. ह्याच्यावर कुणी बसलेलं नाही." त्यानंतर दोन महिन्यांत गेले. माझ्या आईवडिलांनी आमच्या लग्नाला संमती दिली नव्हती, तेव्हा रजिस्टर लग्नात माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून सही करणारे मामाच होते. सासरचा माणूस, पण सही माझ्या बाजूने.

परळचा पाऊस

सगळ्यांचं वाचतोय. एक वेगळं मत मांडतो, राग मानू नये. नातं कुठल्या रकान्यात बसलं नाही म्हणून एवढं वाईट वाटून का घ्यायचं? माझ्या मते तो रकाना नाही हेच बरं. आई-वडील गेले की समाज तुम्हाला रडायला लावतो, किती रडलात ते मोजतो. चुलतसासऱ्यासाठी तुम्ही रडलात तर ते तुमचंच असतं, कुणी मागितलेलं नसतं.

वहीबद्दल सांगायचं तर आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. जुनी तिकिटं, यंत्रं, बसच्या प्रतिकृती असं बरंच जपून ठेवलंय तिथे. तात्यांची वही तिथे शोभेल.

सोनटक्का

परळचा पाऊस, तुमचं म्हणणं मनाने पटतं. पण चार माणसांत बसून रडायला मिळणं हीसुद्धा गरज आहे हो. एकटीने मोरीत नळ सोडून रडलेय मी आत्यांसाठी. त्यात काही मोकळं वाटत नाही.

आणि वही द्यायची घाई करू नका असं माझं मत. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. मुंबईच्या दमट हवेत जुना कागद लवकर जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच ठेवू नका, आत पाणी धरतं. धुतलेल्या मलमलच्या कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात, भिंतीला न टेकवता. आत्यांचं पोथीचं बाड मी असंच टिकवलंय.

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचं दाराचं वाचून मी मोबाइल बाजूला ठेवून दिला आणि थोडा वेळ पॅसेजमध्ये तात्यांच्या जागेवर जाऊन बसले.

परळचा पाऊस, राग नाही. कुणी मागितलेलं नसतं हे तुमचं बरोबर आहे. पण मला कुणीतरी मागायला हवं होतं.

पान उद्या टाकते. त्याआधी एक गोष्ट सांगायची राहिली. पहिल्या वेळी लिहायला घेतली होती, पुढे जाता आलं नाही.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस, आणि मी सांताक्रूझलाच. तीनच्या सुमाराला ऑफिसने सोडलं. निघताना शेजारच्या काकूंच्या फोनवर निरोप ठेवला, ८३ नंबरच्या बसने येतेय. त्यानंतर ना फोन लागला ना मोबाइल. बस एस. व्ही. रोडवर खारच्या पुढे आली आणि थांबली ती थांबलीच. पाणी पहिल्या पायरीवर आलं, मग दुसऱ्या. काही जण उतरून गेले, छातीभर पाण्यातून. मला उतरायची फार इच्छा झाली होती. पण तात्या एकदा बोलून गेले होते, "पाण्यात गाडी बंद पडली तर गाडी सोडू नको. तुका रस्तो दिसता, गटार दिसत नाय." म्हणून बसले. रात्रभर बसले. रस्त्याकडेच्या इमारतीतल्या पोरांनी दोरी धरून येऊन चहा आणि पाव दिले. कंडक्टर वयाने माझ्याएवढाच होता, त्याने सगळ्या बायकांना पुढच्या बाजूला बसवलं आणि स्वतः रात्रभर दारात उभा राहिला.

सकाळी आठच्या आसपास मला काचेतून तात्या दिसले. हातात चपला, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, वय ६७. पहाटे निघाले होते. माहीम बस स्टेशनवर जाऊन तिथल्या माणसांना विचारलं, काल तीननंतर सांताक्रूझहून सुटलेल्या ८३ कुठवर पोहोचल्या? कुणाला धड माहीत नव्हतं. मग त्यांनी स्वतःच हिशेब केला. निरोप आला तीनला, थांब्यावर पोहोचायला दहा मिनिटं, तेव्हाची गाडी, त्या पावसात ती कुठवर येऊ शकेल. आणि उभ्या असलेल्या एकेका ८३ मध्ये डोकावत चालत आले. माझी तिसरी.

चढले आणि आधी त्या कंडक्टरपाशी गेले. विचारलं, "वेबिल सुका आसा मां?" वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद. त्याने शर्टाच्या आत, पोटाशी ठेवलेला कागद दाखवला. तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं ओरडतील किंवा रडतील. म्हणाले, "चल गो, घराक जावया."

वाटेत ते काही बोलले नाहीत, मीही नाही. माहीमच्या खाडीपुलावर त्यांनी मला मधल्या बाजूने चालायला लावलं. घरी आल्यावर सासूबाईंनी पाणी तापवलं आणि तात्या पॅसेजमध्ये जाऊन झोपले ते दुसऱ्या दिवशी उठले.

अकोल्याहून वडिलांचा फोन चौथ्या दिवशी लागला. त्यांनी तात्यांना फोनवर बोलावलं. काय बोलले कुणास ठाऊक, तात्या नुसते हो, हो म्हणत होते.

काळा घोडा

पऱ्हाटी. काय लिहू.

रात्रपाळी

मीही त्या रात्री कलानगरला अडकलो होतो. मला शोधायला कुणी आलं नाही, यायला नको होतंच, मी धडधाकट माणूस. पण तुमच्या तात्यांना मी काचेतून पाहिलं असतं तर मलाही धीर आला असता.

पऱ्हाटी

हे घ्या पान. जसंच्या तसं उतरवलंय. वर डाव्या कोपऱ्यात "८३ सां." एवढंच.

सोम ५-१२ ग, ५-२१ ग, ५-३० ग, ५-४४ ब, ६-०२ ग
मंगळ ५-०९ ग, ५-२५ ग, ५-४६ ब, ५-५८ ग
बुध पाऊस. ५-१८ ग, ५-५१ ब
गुरु ५-११ ग, ५-२३ ग, ५-३३ ग, ५-४३ ब
शुक्र ५-१४ ग, ५-२९ ग, ५-४५ ब, ६-०४ ग
शनि ५-१० ग, ५-४४ ब, ५-५५ ब

प्रत्येक दिवशी "ब" च्या एका आकड्याभोवती गोल केलाय, चव्वेचाळीसच्या आसपासचा. मला वाटतं त्यांच्या ड्यूटीच्या फेऱ्या असाव्यात. अशी आठ-दहा पानं आहेत, बाकीच्यांवर दुसरे नंबर आहेत.

टीटी ते म्युझियम

ताई, हे पान मी तीनदा वाचलं. घाईत उत्तर द्यायचं नव्हतं.

ही ड्यूटी नाही. ड्यूटीच्या नोंदीत बस क्रमांक असतो, ड्यूटी क्रमांक असतो, सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते, तिकिटांचे आकडे असतात. इथे त्यातलं काहीच नाही. वेळापत्रकही नाही. वेळापत्रकात गाड्या ठरलेल्या अंतराने सुटतात, त्यात रोज दोन-तीन मिनिटांचा फरक पडत नाही आणि "बुध पाऊस" असं कुणी लिहीत नाही. एका कंडक्टरला एका थांब्यावर लागोपाठ चार-पाच ८३ मिळतही नाहीत.

हे कुणीतरी रस्त्याच्या कडेला थांब्यावर उभं राहून लिहिलंय, सांताक्रूझला. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी पाच ते सहा. "ग" म्हणजे गर्दी असणार. "ब" म्हणजे बसायला जागा. कुठली गाडी जराशी मोकळी येते ते तो माणूस शोधत होता, आणि त्याला ती सापडली. पाच चव्वेचाळीस. बहुतेक ती आगारातून नव्याने बाहेर पडणारी गाडी असावी, म्हणून रिकामी.

तुम्ही लिहिलंत, तात्या १९९६ ला निवृत्त झाले. पानावर साल नसेल तर वहीच्या आधीच्या-नंतरच्या पानांवर बघा. आणि ऑफिस किती वाजता सुटायचं ते सांगा.

पऱ्हाटी

साडेपाचला.

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी मला सांगितलं होतं, "साडेपाचची पकडू नको, थोडी थांब, पाच चव्वेचाळीसची घे, बसाक मिळतला." मी अकरा वर्षं ती गाडी घेतली. मला वाटायचं, बेस्टमधला माणूस, त्यांना सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ असतील.

आदल्या पानावर वाण्याची उधारी आहे, तारीख ऑगस्ट २००२.

सासूबाईंना आत्ता विचारलं. म्हणाल्या, हो, त्या पावसाळ्यात भावजी आठवडाभर संध्याकाळचे कुठे जायचे ते सांगत नव्हते, भिजून यायचे, मी ओरडले होते.

खारी बिस्कीट

मी बसमध्ये आहे आणि सगळ्यांसमोर रडतेय. आईला आज विचारते.

परळचा पाऊस

संग्रहालयाचं मी बोललो ते मागे घेतो. ही वही घरातच राहू द्या.

पऱ्हाटी

शर्ट देईन संग्रहालयाला, नवरा हो म्हणालाय. वही राहील.

टीटी ते म्युझियम, पुढचं पान उतरवतेय. ह्यावर नंबर ६६ आहे आणि कोपऱ्यात "शा." असं लिहिलंय. माझी मुलगी शीवला शाळेत जायची, २०११ पासून. वेळा सकाळच्या आहेत :

सोम ६-३५ ब, ६-४८ ग, ६-५५ ग
मंगळ ६-३३ ब, ६-५० ग
बुध ६-३६ ब, ६-४४ उ, ६-५७ ग

"ग" आणि "ब" आता मला कळतं. हा "उ" काय असेल?